हत्तीची अमावस्या

विचियनने भाताने भरलेला डाव उचलला, पुढे नेला आणि भिक्खूंच्या पात्राच्या चार बोटं अलीकडे, हवेतच उपडा केला. वाफाळता भात भन्तेंच्या अनवाणी पावलांवर पडला. भन्ते तरुण होते. त्यांनी पाय मागे घेतला नाही, नुसतं पात्र थोडं पुढे सरकवलं, जणू चूक पात्राचीच होती. "आज भातालाच उडी मारायची हौस," विचियन म्हणाला आणि हसला. बुसबाने उकडलेली अंडी आणि रबर लावलेली कालवणाची पिशवी पात्रात ठेवली, गुडघ्यांवर बसून हात जोडले, गाथा ऐकली. पण रोज जिचा शब्दन् शब्द आत उतरायचा ती गाथा आज कानावरूनच निघून गेली. विचियनचा हात थरथरला असता तर तिने वय म्हणून सोडून दिलं असतं. हात थरथरला नव्हता. गेली कित्येक वर्षं तो जसा स्थिर, नेमका होता तसाच तो आजही होता. भात त्याने पूर्ण विश्वासाने ओतला होता. फक्त जिथे त्याला पात्र वाटलं तिथे भन्तेंचं पात्र नव्हतं.

भन्ते कालव्याच्या पुलाकडे निघून गेले. पलीकडच्या टपरीवर डुकराच्या मांसाच्या काड्या निखाऱ्यावर चढल्या होत्या, त्यांचा गोडसर धूर गल्लीत रेंगाळत होता, शाळेची पोरं दुचाकीवर तिघं-तिघं बसून चालली होती. रोजची सकाळ. बुसबा फरशीवर सांडलेला भात पक्ष्यांसाठी गोळा करू लागली आणि एकेक शीत उचलताना इतक्या महिन्यांच्या बारीकसारीक गोष्टी तिच्याकडे आपणहून चालत आल्या. चहा कपाच्या कडेवरून सांडणं. नातीच्या फोटोला "छान आलीय" म्हणणं, आणि फोटो जावयाचा असणं. आणि कान. उन्हाळ्यापासून विचियन तिच्याशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो तिच्या उजव्या कानाकडे, कानाच्याही पलीकडे भिंतीकडे बघून बोलायचा. तिला ते लागलं होतं. मुलगी लग्न होऊन खोनकेनला गेली, तिला मूल झालं, तेव्हापासून हे दोघं एकमेकांना ता आणि याय, आजोबा आणि आजी म्हणू लागले. गल्लीतली सगळीच जोडपी म्हणतात तसंच. आणि तिने मनाशी समजूत घातली होती की आजी झालेल्या बाईच्या तोंडाकडे माणूस किती बघणार. ती रोज संध्याकाळी मैत्रीभावनेचा पाठ करताना त्या कानाच्या दुःखालाही क्षमा करून टाकायची. आता हातात ओलसर भात घेऊन उकिडवी बसलेली असताना तिला कळलं की क्षमा करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. तिचा चेहरा दिसावा म्हणून तो कानाकडे बघत होता.

"कधीपासून?" घरात आल्यावर तिने विचारलं.

विचियनने काय कधीपासून असं विचारलं नाही. तो बाकावर बसला. "सोंगक्रानच्या सणाआधीपासून. मधोमध डाग आहे. धुरकट. जिथे बघीन तिथे तो माझ्या आधी जाऊन बसतो."

"डॉक्टर?"

"दाखवलं. डोळ्याचा मधला भाग झिजलाय म्हणाले. तो परत यायचा नाही. कडा राहतील."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बुद्धासमोरच्या उदबत्त्या दुप्पट केल्या असत्यास. घरभर धूर. होतं तेही दिसलं नसतं."

ती हसली नाही. तो मात्र तिच्या कानाकडे बघत हसत राहिला, आणि मग हसणं संपल्यावर अगदी साध्या आवाजात, भाजी आणायचं सांगावं तसं म्हणाला, "या अमावस्येला कमोनबरोबर आकाशाचे फोटो काढायला शेवटचा जाऊन येतो. तिथेच कॅमेरा त्याच्याकडे देऊन टाकीन. त्याला यातलं काही सांगू नकोस. कंटाळलो म्हणून सांगेन."

बुसबा भांडी घासायला बसली. अमावस्या. त्यांच्या संसारात अमावस्या हा दिवस कधीच दोघांचा नव्हता. त्या दिवशी ती पहाटे पांढरं नेसायची, चटई गुंडाळून विहारात जायची, अष्टशील घ्यायची, दुपारनंतर घास नाही, उंच बिछाना नाही, फुलं-अत्तर नाही, गाणंबजावणं नाही, आणि दुसऱ्या सकाळी परतायची. त्याच दिवशी चंद्र नसतो म्हणून विचियन कॅमेऱ्याचं तीन पायांचं लोखंड खांद्यावर टाकून कमोनच्या पिकअपमध्ये चढायचा. आयुष्यभर त्याने स्टुडिओत पदवीदानाचे फोटो काढले होते, काळे झगे, गुलाबांचे गुच्छ, घामाने विरघळलेली पावडर, "हनुवटी वर, आईकडे नको, माझ्याकडे बघ". ती त्याची भाकरी होती. आकाश त्याचं स्वतःचं होतं. आकाशात जो दुधट पट्टा आहे, त्याला इथे सगळे पांढऱ्या हत्तीची वाट म्हणतात, आणि त्याचे फोटो काढणारी मंडळी अमावस्या जवळ आली की एकमेकांना हत्तीच्या शिकारीला चला म्हणतात. बुसबाला तो शब्द सोसत नसे. "शीलाच्या दिवशी शिकार म्हणू नका हो," तिने लग्नानंतर लवकरच सांगितलं होतं. "बरं, दर्शनाला," तो म्हणाला होता, आणि तेव्हापासून कमोनसमोरसुद्धा तो दर्शनालाच म्हणायचा. कमोन दुचाकी दुरुस्त करायचा, तोंडाने फटकळ. "दादा, वहिनींनी तुमची बंदूक काढून घेतली आणि हातात उदबत्ती दिली," तो म्हणायचा.

तिने त्याच्या फोटोंकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं, पण जत्रेतल्या रोषणाईकडे पाहावं तसं. जांभळा, केशरी, इतके तारे की शिसारी यावी. तिला ते फार वाटायचं. पण एकदा पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका संध्याकाळी, पाठ संपवून ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली होती. संगणकावर तो एकाच आकाशाचे ढीगभर फोटो एकावर एक रचत होता. "सगळे सारखेच तर आहेत," ती म्हणाली. "दिसायला सारखे," तो म्हणाला. "पण अंधारात काढलेल्या प्रत्येक फोटोत खरखर असते. वाळू सांडल्यासारखी. ती दर फोटोत वेगळ्या जागी असते. एकावर एक ठेवत गेलं की खरखर एकमेकींना खाऊन टाकते. जे प्रत्येक फोटोत आपल्या जागेवर असतं, तेवढंच उरतं आणि उजळतं." स्वयंपाकघरात येऊन तिने पाणी प्यायलं आणि तिला एकदम भरून आलं होतं. रोजच्या पाठात तिचंही तसंच व्हायचं. एक दिवस गुडघा, एक दिवस मुलीची काळजी, एक दिवस शेजारणीचं बोलणं; दर दिवशी मन वेगळीकडे खरखरायचं आणि तिला वाटायचं, आजचाही पाठ वाया गेला. वाया जात नव्हता तर. एकावर एक पडत होता. ज्या माणसाला ती इतकी वर्षं थोडा अश्रद्ध समजत आली, विहारात नुसता दारापर्यंत सोडायला येणारा, तोही असंच काही करत होता, तिच्याहून जास्त शिस्तीने, डासांत, थंडीत, न जेवता. ते तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून जातं अशा घरातल्या गोष्टींत ती एक. गेल्या हिवाळ्यात मात्र तारे बिघडले होते. टोकदार ठिपक्यांऐवजी फुगलेले, कापसाच्या बोंडासारखे. त्याने लेन्सला दोष दिला, दवाला दिला, लेन्स बदलली; पुन्हा बोंडंच. एवढा जाणता माणूस, काचेवर संशय घेत राहिला, आणि काच स्वच्छ होती.

रात्री अंथरुणात तिने त्याला विचारलं, "आता वर बघितलं तर काय दिसतं?"

"उन्हाळ्यात बघितलं होतं एकदा. जिथे हत्तीचं पोट असायला हवं तिथे भोक. नुसतं राखेचं भोक. त्यानंतर मी वर बघितलेलं नाही." मग कुशीवर वळत म्हणाला, "तसंही मी कधी फार वर बघायचो नाही, याय. आम्ही कॅमेरेवाले पडद्याकडे बघतो. डोळ्याने दिसतं ते काय, पुसट धूर. खरं चित्र पडद्यावर."

ती जागी राहिली. वर न बघणारा माणूस तिच्या शेजारी पडला होता, आणि तिला ते अंधत्वापेक्षा भयंकर वाटलं. डाग डोळ्यात होता तोवर ठीक होतं. तो आता खाली, मनात उतरत होता. कॅमेरा देऊन टाकला की हा माणूस बाकावर बसेल, पुलावरून जाणाऱ्यांच्या चपलांचे आवाज ऐकेल आणि कंटाळलो म्हणेल, आणि एक दिवस ते खरं होईल.

दुसऱ्या दिवशी ती विहारात गेली. कठिन चीवरदानाची, भिक्खूंना नवी वस्त्रं देण्याच्या सोहळ्याची, तयारी चालली होती, मंडपाच्या बांबूंना पिवळी कापडं गुंडाळत होते. पांढऱ्या वस्त्रातल्या मेची लमय, विहारातल्या सगळ्यांत वयस्क साध्वी, पायरीवर बसून सुपारी कातरत होत्या. बुसबाने सगळं सांगितलं, आणि मग जे विचारायला आली होती ते विचारलं. अमावस्येला विहाराबाहेर राहून अष्टशील पाळता येईल का. त्यात खेळतमाशे बघायचे नाहीत असं शील आहे. आकाश बघायला म्हणून मुद्दाम गाडी करून जाणं त्यात मोडतं का.

"आकाश कुणी पैसे घेऊन नाचवतंय का?" मेची लमय म्हणाल्या.

"नाही, पण कॅमेरा आहे."

"मग? कॅमेरा दुपारनंतर जेवतो?"

"मेची, मी थट्टा नाही करत."

"मीही नाही करत गं." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "इतकी वर्षं तू इथे येऊन कशाला बसतेस? मन एका जागी बसावं म्हणून ना? मग तिथे बसव. चटई आपलीच ने, तिथल्या दगडांवर मुंग्या असतात."

"मी येते," त्या संध्याकाळी ती विचियनला म्हणाली. "तुम्हाला पडद्यावरचा तारा दिसणार नाही. कुणीतरी बघायला हवं. कमोनला सांगायचं नाही तर मग मीच."

"तुझी अमावस्या?"

"अमावस्या काय माझ्या एकटीची आहे?"

अमावस्येला सकाळी तिने शीलं घेतली, दुपारच्या आत जेवून घेतलं आणि पांढऱ्या कपड्यांतच कमोनच्या पिकअपमध्ये चढली. कमोनने तिच्याकडे पाहिलं, विचियनकडे पाहिलं. "वहिनी शिकारीला? आता पाऊस पडणार."

"दर्शनाला," विचियन म्हणाला.

फेचबुरीच्या पुढे ताडांची शेतं मागे पडली, रस्ता डोंगराकडे वळला, आणि उजेड असतानाच ते धरणाच्या काठावर पोचले. पश्चिमेला डोंगरांच्या रांगांमागे रांगा, प्रत्येक आधीच्या रांगेहून फिकी. पाणी शांत होतं. कमोनने चिकट भात आणि भाजलेली कोंबडी काढली. "वहिनी, वास घेतला तर शील मोडतं का?" "वास फुकट आहे, घेते," बुसबा म्हणाली आणि बाटलीतलं गाळलेलं बेलफळाचं पन्हं घोट घोट प्यायली. भूक लागली होती. ओळखीची भूक, रिकाम्या देवळासारखी, तिच्यात आवाज स्पष्ट घुमतात. विचियन पाण्याकडे तोंड करून घडीच्या स्टुलावर बसला होता. सूर्य गेला, डोंगर काळे झाले. कमोन आपला कॅमेरा घेऊन खाली काठाशी गेला, आणि मग अंधार असा आला की कुणी आणला असं वाटू नये.

"लाल दिवा लाव," विचियन म्हणाला. "पांढरा नको. आता पडद्यावर एक ठळक तारा धर. बटण दाब, मोठा होईल. झाला?"

"झाला. पिठाच्या गोळ्यासारखा."

"लेन्सचं कडं फिरव. हळू. तो आवळत जाईल, मग एका जागेनंतर पुन्हा फुगेल. मागे ये. सगळ्यात आवळलेला असतो तिथे थांबायचं."

तिने कडं फिरवलं. गोळा लिंबाएवढा, मण्याएवढा, मग टिंब. मग पुन्हा पसरला. ती मागे आली. पुढे गेली. श्वास सोडताना बोटं जास्त नेमकी हलतात हे तिच्या लक्षात आलं आणि ती श्वासाबरोबर फिरवू लागली. तो काही विचारत नव्हता, घाई करत नव्हता. अमावस्येच्या कितीतरी रात्री तो इथे असाच एका ठिपक्यापाशी थांबला असेल. आणि त्याच वेळी तिकडे विहारात ती नाकाच्या शेंड्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासापाशी थांबलेली असायची. "तिळाच्या टोकाएवढा झालाय," ती म्हणाली. "आता याहून लहान होत नाही."

"मग हात काढ. दाब."

कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि बराच वेळ उघडा ठेवला. मग पडद्यावर ते आलं. बुसबाच्या तोंडून आवाज निघाला. घरी रोषणाई वाटायची ते हेच होतं, पण इथे, ज्याचं चित्र होतं त्याच्याच समोर, ते वेगळं होतं; डोंगराच्या काळ्या कडेवर टेकलेलं फुगीर, उबदार पोट, त्यातून गेलेल्या काळ्या शिरा, आणि वर वर चढत गेलेला पट्टा. एवढं सगळं या पुसट अंधारात रोज असतं, आणि हा माणूस महिन्यामागून महिने येऊन ते वेचून घरी आणत होता, आणि तिला ते फार भडक वाटत आलं होतं. तिला वाकून नमस्कार करावासा वाटला. आकाशाला की स्टुलावर बसलेल्या माणसाला, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"आला?" तो खाली बघतच म्हणाला.

"आला. टोकदार आलेत तारे. सगळे."

"चांगलं झालं," तो म्हणाला. शेवटचा फोटो चांगला आला की माणूस म्हणतो तसं. "अजून असेच घे. मग कमोनला हाक मार."

तिने लाल दिवा विझवला, पडदा झाकला आणि दुसरा फोटो दाबण्याआधी प्रथमच मान वर केली. आधी काही नाही. डोळ्यांपुढे पडद्याचा हिरवट चौकोन तरंगत होता. तो विरेपर्यंत ती चटईवर बसून राहिली. हळूहळू डोंगराच्या वर काहीतरी होतं असं वाटलं. चुलीचा धूर संध्याकाळी गल्लीवर लटकतो तसं. तिने तिकडे नीट पाहिलं आणि ते गेलं. वाटलं, भास. मान वळवून ती पाण्याकडे बघू लागली, आणि नजरेच्या कडेला ते पुन्हा उभं होतं, आधीहून ठळक. तिने झटकन पाहिलं, गेलं. कुणी लाजरं माणूस दाराआडून बघतं, आपण बघितलं की आत सरतं, तसं चाललं होतं.

"काय लबाडी आहे ही," ती मोठ्यानेच म्हणाली. "बघितलं की जातं, नाही बघितलं की येतं."

खालून कमोन हसला. "वहिनी, सरळ नाही बघायचं त्याच्याकडे! बाजूला बघायचं. डोळ्याच्या मधल्या भागाला अंधारात काही दिसत नाही. सगळ्यांच्याच. पुसट गोष्टी कडांना दिसतात."

"सगळ्यांच्याच?"

"माझ्या, तुमच्या, राजाच्या! अंधारात सगळ्यांना मधोमध भोक असतं."

कमोन पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घालून बसला. तो काय बोलून गेला हे त्याला माहीत नव्हतं. बुसबाला मात्र आठवलं. कडा राहतील, डॉक्टर म्हणाले होते. तिने विचियनकडे पाहिलं. स्टुलावर, पाठ गोल करून, हनुवटी छातीशी घेतलेली काळी आकृती. त्याने उन्हाळ्यात वर पाहिलं होतं ते सरळ, मधोमध, हत्तीच्या पोटातच. जन्मभर पडद्याकडे सरळ बघायची सवय, आणि डाग म्हटल्यावर डागच शोधणारा धास्तावलेला डोळा. भोक दिसलं आणि त्याने मान खाली घातली. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही तिथे भोकच दिसलं असतं. ती गुडघ्यांवर सरकत त्याच्या जवळ गेली. तिला भीती वाटत होती. चुकलं तर, काही दिसलंच नाही तर, तिने त्याला दुसऱ्यांदा आंधळं केलं असं होणार होतं. न सांगणं सोपं होतं. तिने एक श्वास घेतला, पूर्ण सोडला.

"ता, वर बघा."

"नको, याय."

"हत्तीकडे नका बघू. हत्तीकडे मुळीच नका बघू. त्या डावीकडच्या डोंगराचं टोक आहे ना, त्याच्याकडे बघा. तिथेच बघत राहा."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर."

तो चिडेल असं तिला वाटलं. तो चिडला नाही. घागर उचलावी तशी त्याने मान उचलली, जडपणाने, आणि तोंड डावीकडे केलं. बुसबा आकाशाकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, जेवढा दिसत होता तेवढा. ताऱ्यांच्या उजेडात कपाळाची कडा, नाक, ओठ. बराच वेळ काहीच झालं नाही. बेडूक ओरडत होते. मग त्याचा श्वास अडखळला.

"सोंड," तो म्हणाला.

ती आणखी जवळ सरकली.

"सोंड खाली गेलीय. पाण्याला लागेल आता." त्याचा हात हवेत उठला, आणि तो हात नेमक्या जागी गेला. "हे पोट. इथे काळी शीर. ही वर चाललीय पाठ, पाठीवरून… केवढा आहे हा! याय, हा केवढा आहे! फोटोत मावतच नव्हता हा. मी तुकडे तुकडे करून घरी नेत होतो."

"मला पाठ नाही दिसत."

"पडदा बघितलास ना इतका वेळ. थांब. घाई करू नकोस. माझ्या डोक्यावरून बघ, सरळ नको." आता तो तिला सांगत होता, अगदी हळू आवाजात, आणि जे तिला दिसत नव्हतं तेही तो सांगत होता, कुठे धूर दाट होतो, कुठे फाटतो, कुठे दोन वाटा होतात. ती ऐकत ऐकत कडेने बघत राहिली. थोडं थोडं तिलाही मिळू लागलं. फोटो घ्यायचे होते हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. हत्ती डोंगरामागे उतरत गेला, आधी सोंड, मग गुडघे, मग पोट, आणि तेवढा वेळ ते त्याच्याकडे न बघता त्याला बघत बसले.

कमोन बॅटरी लावून वर आला तेव्हा डोंगरावर नुसते तारे उरले होते. "दादा, झाले किती फोटो? बघू तरी."

बुसबाने पडद्यावरचं झाकण काढलं. एकच होता.

"एक?" कमोन म्हणाला. "हत्ती बुडेपर्यंत एक? मग इतका वेळ तुम्ही दोघांनी केलं काय?"

"बघितला," विचियन म्हणाला. त्याने चाचपत स्क्रू सैल केला, कॅमेरा तिवईवरून उतरवला आणि त्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला.